४० केबीतला मारिओ आणि ‘आळशी’ प्रोग्रामर

मारिओचं ते चित्र दर दोन-चार महिन्यांनी फिरत फिरत माझ्यापर्यंत येतंच. सोबतचा मजकूरही ठरलेला: ‘१९८५चा अख्खा सुपर मारिओ ब्रदर्स हा व्हिडिओ गेम ४० केबीत (किलोबाइटमध्ये) बसला, हा त्याचा नुसता फोटो त्याहून जड आहे. तेव्हाचे प्रोग्रामर जादूगार, आताचे आळशी. तेव्हाच्या गेममध्ये बगही (प्रोग्रॅममधल्या चुकाही) नसत.’

४० केबीचा आकडा खरा आहे. ३२ केबी प्रोग्रॅम, ८ केबी चित्रं.

फोटोची तुलना मात्र फसवी. मूळ २५६ बाय २४० पिक्सेलचा तोच पडदा पीएनजी या चित्रफाइलच्या प्रकारात साठवून बघा, मोजक्या काही केबींत मावतो. फिरणारं चित्र जड होतं ते मोठं केल्यामुळे आणि जेपीईजी या फोटोंसाठीच्या प्रकारात साठवल्यामुळे. शिवाय कार्ट्रिजमध्ये, म्हणजे कन्सोलमध्ये (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रात) खोचायच्या गेमच्या डबीत, पडद्याचं चित्र नसतंच. असतात ८ बाय ८ पिक्सेलचे ५१२ ठोकळे आणि कुठला ठोकळा कुठे लावायचा याच्या सूचना. रंगवण्याचं काम कन्सोलमधली ग्राफिक्स चिप करते. ढग आणि झुडूप नीट न्याहाळा: आकार तोच, फक्त पांढऱ्याचा हिरवा केलाय! संगीतही तसंच, कार्ट्रिजमध्ये नुसते स्वर आणि त्यांची लांबी, वाजवणारी यंत्रणा कन्सोलची. स्वरलिपीचा कागद आणि मैफलीचं रेकॉर्डिंग एकाच तराजूत घालून काय कळणार?

जादूगार? कसब होतंच, त्याबद्दल वाद नाही. पण काटकसर हौसेची नव्हती. त्या कन्सोलचा प्रोसेसर साध्या कार्ट्रिजमधला ३२ केबीच प्रोग्रॅम पाहू शकायचा. पुढे कार्ट्रिजमध्ये जादा चिप बसवून ही मर्यादा ओलांडता आली, आणि १९८८चा सुपर मारिओ ब्रदर्स ३ थेट ३८४ केबींचा निघाला. जवळजवळ दहापट. मिळाली तशी जागा त्यांनीही वापरली. त्यांना कोणी आळशी म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही.

बग नसत, हे तर चक्क खोटं. याच मारिओत भिंतीतून घुसून ‘उणे एक’ नावाच्या जगात पोचता येतं. १९८०च्या पॅक-मॅनमध्ये २५६वी पातळी आली की अर्धा पडदा कचऱ्याने भरतो, कारण पातळीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलाय आणि बाइट २५५च्या पुढे मोजत नाही. अपडेट नव्हते म्हणून हे बग तिथेच राहिले, इतकंच.

राहिला आळस. आजच्या प्रोग्रॅमला सांभाळावं लागतं तेच मुळात जास्त. मारिओच्या लिपीत इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि दोन-चार चिन्हं. तुम्ही हे वाचताय त्या देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, जोडाक्षरांचा फॉन्ट वेगळाच.

हां, गप्पा मारायच्या साध्या ॲपबरोबर अख्खं क्रोमियम ब्राउझर उतरवावं लागतं, या तक्रारीत मी तुमच्या बाजूने. पण तोही आळसाचा मामला नाही. एकदाच लिहिलेला कोड विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालवून कंपनी खर्च वाचवते, आणि त्याची भरपाई आपल्या रॅममधून होते.