सावळी नटी मिळाली नाही?

'बाला' या हिंदी सिनेमातल्या लतिकेचं कौतुक करणारा एक लेख वाचला. पटलं, पण अर्धंच. आपल्या सावळ्या रंगाची लाज न बाळगणारी वकील बाई पडद्यावर आली, हे छानच. पण त्यासाठी लतिका झालेल्या भूमी पेडणेकरला मेकअप फासून काळं करावं लागलं! २०१९ साली एक सावळी नटी मिळू नये? त्यापेक्षा भूमीचाच 'दम लगा के हईशा' हा सिनेमा कितीतरी उजवा. तिथे तिने खरोखर वजन वाढवलं होतं, आणि नवरा चारचौघांत तिच्या देहाबद्दल वाट्टेल ते बोलतो तेव्हा ती सरळ त्याच्या कानाखाली वाजवते. (माझ्या स्थळाच्या फोटोत स्टुडिओवाल्याने न विचारताच मला गोरं केलं होतं. आईने आणखी सहा प्रती काढून घेतल्या.)