अ तुकडी, अमेरिकेतली

परवा मंडळाच्या ग्रुपवर नव्यानेच आलेल्या एका जोडप्याने विचारलं, "या मिडल स्कूलचं वेबसाइटवर रेटिंग १० पैकी ६ दिसतंय, पण आत मॅग्नेट आहे म्हणतात. तिथे घर घ्यावं का?" दहा मिनिटांत चाळीस उत्तरं. कुणी म्हणालं ६ म्हणजे लांबच राहा, कुणी म्हणालं मॅग्नेटवाल्यांचा निकाल बघा, एकदम भारी. आणि एकाने लिहिलं, "क्राउड बघून घ्या." हा 'क्राउड' पुण्यात फ्लॅट बघताना ऐकला होता. इथेही तो आपल्या सामानातूनच आलाय.

माझी मुलगी अशाच एका शाळेत सातवीला आहे. शाळेचं नाव लिहिणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका.

मॅग्नेट ही सरकारीच शाळा, किंवा नेहमीच्या सरकारी शाळेच्या आतच चालणारी वेगळी तुकडी, फी नाही. फरक एवढाच, की नेहमीच्या सरकारी शाळेत पत्त्यावर प्रवेश मिळतो आणि मॅग्नेटमध्ये लांबलांबची मुलं बसने येतात, विज्ञान-गणित, भाषा किंवा कला अशा एखाद्या खास अभ्यासक्रमासाठी. पण हे चुंबक हुशारांसाठी बनलेलंच नव्हतं. १९६८ साली वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात मॅकार्व्हर नावाच्या प्राथमिक शाळेत हा प्रयोग सुरू झाला. काळ्या वस्तीतली शाळा, तिथे गोऱ्या पालकांनी आपणहून मुलं पाठवावीत एवढाच हेतू. पुढे १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की शहरातल्या शाळांमधला भेद मोडण्यासाठी उपनगरांना सक्तीने ओढता येणार नाही. मग सक्तीऐवजी आमिष हाच मार्ग बऱ्याच शहरांनी धरला. म्हणून आजही मॅग्नेट पुष्कळदा गरीब वस्तीतल्या शाळेत असतं. आमचंही तसंच आहे.

आता आकडे. समजा शाळेत ९०० मुलं आहेत. त्यातली ३०० चाचणी देऊन मॅग्नेटला आलेली, ६०० आसपासच्या वस्तीतली. मॅग्नेटमधली ९५ टक्के मुलं गणितात पुरेशा पातळीवर आणि वस्तीतली २५ टक्के. एकत्र सरासरी येते सुमारे ४८ टक्के. वेबसाइटवर ४८ छापलं जातं. तो आकडा ना या मुलांचा, ना त्या मुलांचा. विद्यार्थ्यांच्या वंशाचा गोल तक्ताही तसाच. चार रंग छान मिसळलेले, प्रॉस्पेक्टसवर घालावेत असे. वर्गात डोकावलं की रंग पुन्हा वेगळे होतात. मुलगी एकदा सहज म्हणाली, "आई, त्या मुलांना आम्ही जिममध्येच भेटतो." 'त्या' मुलांना!

हे मला नवीन नव्हतं. तालुक्याच्या गावी माझ्या शाळेत अ, ब, क, ड तुकड्या होत्या. मी अ मध्ये. चौथी-सातवीच्या शिष्यवृत्तीचे जादा तास आम्हाला सकाळी साडेसातला, तेही शाळेतल्या सगळ्यात चांगल्या बाईंचे. ड तुकडीला गणित शिकवायचे चित्रकलेचे सर. जूनमध्ये फळ्यावर नावं लागायची ती आमची आणि पालक म्हणायचे, शाळा चांगली आहे. शाळा चांगली होती की आम्ही आधीच चाळून घेतलेले होतो, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला तर फळ्यावरचं नाव आवडायचं.

इथे निदान कुणीतरी ते मोजून बघितलं. बॉस्टनमधल्या, सातवीपासून प्रवेशपरीक्षा असलेल्या सरकारी शाळा आणि न्यूयॉर्कमधल्या तशाच हायस्कुलांवर जोशुआ अँग्रिस्ट (२०२१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. जेमतेम प्रवेश मिळालेली आणि जेमतेम हुकलेली मुलं त्यांनी पुढे तपासली. गुणांत म्हणावा असा फरक नव्हता. अर्थात हे काठावरच्या मुलांपुरतं. आणि गुण म्हणजे सगळं नाही, माझ्या मुलीला इथे ज्या मैत्रिणी मिळाल्या त्या कुठल्या चाचणीत मोजणार? पण "त्या शाळेने मूल घडवलं" म्हणताना मी आता थोडी थांबते.

प्रवेशाची भांडणं तर विचारू नका. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत मिडल स्कूल मॅग्नेटचे निकष बदलले. अर्ज करणारेच नव्हे तर सगळीच मुलं तपासायची, आणि मुलाच्या नेहमीच्या शाळेत त्याच्या तोडीची पुरेशी मुलं आहेत का तेही बघायचं. यात आपल्या मुलांच्या जागा कमी होतात म्हणत एशियन पालकांनी २०२० मध्ये दावा लावला, २०२२ मध्ये फेडरल कोर्टाने तो फेटाळला. व्हर्जिनियात थॉमस जेफरसन या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मॅग्नेट हायस्कूलने प्रवेशपरीक्षा काढून प्रत्येक मिडल स्कूलला जागा ठेवल्या. एशियन मुलांचं प्रमाण पहिल्याच वर्षी ७३ वरून ५४ टक्क्यांवर आलं. तेही कोर्टात गेलं, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायला नकार दिला. आपल्याकडे या दोन्हींवर इतकी कळकळ, की गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद बाजूला राहिला. मुलांनी अभ्यास केला त्याची शिक्षा का, हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. फक्त सगळी रस्सीखेच त्या मूठभर जागांची. खाली वस्तीतल्या किती मुलांना आठवीपर्यंत अल्जेब्रा मिळतं, यावर एकही मेसेज नाही.

आणि 'एशियन' म्हणजे तरी कोण? त्याच रकान्यात म्यानमारहून आलेल्या निर्वासितांची मुलं, टॅक्सी चालवणाऱ्या बांगलादेशी बापाची मुलगी आणि माझी मुलगी, जिचे आईबाप दोघेही इंजिनिअर. आपल्याला तर व्हिसानेच डिग्री बघून चाळून घेतलंय. आपली मुलं हुशार निघतात ती संस्कारांमुळे, असं मंडळाच्या स्टेजवरून दरवर्षी सांगितलं जातं. असतीलही संस्कार. पण मला आमची अ तुकडीच आठवते.

त्या जोडप्याला मी शेवटी फोनच केला. म्हटलं, रेटिंग सोडा. फुकट किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र मुलं किती ते बघा, त्यांचा निकाल वेगळा काढलेला असतो तो गेल्या तीन वर्षांचा वाचा, आणि शाळा बघायला जाल तेव्हा मॅग्नेटचा वर्ग दाखवतीलच, शेजारचा साधा गणिताचा वर्गही मागून बघा. पंधरा मिनिटं बोलले. त्याने सगळं शांतपणे ऐकलं.

"पटलं ताई," तो म्हणाला. "पण रीसेलला त्रास नाही ना होणार?"