खुलासा : लॉर्ड हॅरिस आणि ‘भारतात क्रिकेट आणणारा गव्हर्नर’

‘हॅरिस शील्ड (मुंबईची शालेय क्रिकेट स्पर्धा) ज्याच्या नावाने खेळतात, त्या मुंबईच्या गव्हर्नरनेच भारतात क्रिकेट आणले’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

हा लॉर्ड हॅरिस, म्हणजे चौथा बॅरन हॅरिस, १८९० मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८९५ पर्यंत त्या पदावर होता. पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला तो १८४८ मध्ये, म्हणजे हॅरिसच्या जन्माच्या तीन वर्षे आधी! १८८६ आणि १८८८ मध्ये पारशी संघ इंग्लंडचा दौराही करून आले होते. पारशी जिमखाना १८८५ चा.

उलट, मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरचा वाद बघा. गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांच्या टापांनी तिथली जमीन उखडायची, चेंडू वेडावाकडा उसळायचा. देशी खेळाडूंनी १८८१ पासून अर्जांवर अर्ज केले. हॅरिसच्या सरकारने कौल दिला पोलोवाल्यांच्या बाजूने.

त्याचे श्रेय अगदीच नाकारायचे कारण नाही. हिंदू जिमखान्याचे उद्घाटन १८९४ मध्ये त्याच्याच हस्ते झाले, आणि पारशी विरुद्ध युरोपियन हे प्रेसिडेन्सी सामने त्याच्याच कारकिर्दीत सुरू झाले. मात्र हे रोप लावणे नव्हे, वाढलेल्या झाडाला पार बांधणे.

त्याच मजकुरात त्याला श्रीरंगपट्टण जिंकणारा सेनापतीही करून टाकले आहे. १७९९ चा तो जनरल हॅरिस म्हणजे या गव्हर्नर हॅरिसचा पणजोबा. हा स्वतः १८५१ मध्ये त्रिनिदादला जन्मला. वडील तेव्हा तिथले गव्हर्नर होते.