एकटं बसणं म्हणजे 15 सिगारेटी नव्हेत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फोनांवर एक मजकूर सारखा फिरतो: 'एकटं राहणं रोज 15 सिगारेटी ओढण्याइतकं घातक. आईवडिलांना गावी ठेवू नका, शहरात आणा.' काळजी खरी आहे, पण सल्ला घाईचा आहे.

'15 सिगारेटी.' हा आकडा गाजला तो 2023 मध्ये, अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल (सार्वजनिक आरोग्यावर बोलणारे सरकारचे मुख्य डॉक्टर) विवेक मूर्ती यांच्या अहवालामुळे. त्यातली तुलना माणसांशी संबंध तुटण्याबद्दल आहे. स्वतःहून निवडलेला, न टोचणारा एकांत त्याच अहवालाने वेगळा धरलाय. पहाटे परड्यात हरिपाठ म्हणत बसणारी आज्जी त्या आकड्यात येत नाही.

'एकट्याने राहणंच वाईट.' यात तथ्य आहे. 2015 च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात अकाली मृत्यूची शक्यता एकट्याने राहणाऱ्यांत 32 टक्के आणि एकटेपणा जाणवणाऱ्यांत 26 टक्के जास्त आढळली. म्हणून शेजारी एक किल्ली ठेवा, रोज ठरल्या वेळी फोन करा. पण ही सरासरी आहे. तुमच्या घरातला निर्णय तेवढ्यावर घेऊ नका.

'शहरात आणलं की प्रश्न मिटला.' इथेच जास्त फसगत होते. खानापूर तालुक्यात जन्म काढलेली बाई बेंगळूरूच्या आठव्या मजल्यावर येते. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, शेजारी इंग्रजीत बोलणारे. घरात माणसं पाच, पण संध्याकाळपर्यंत तिच्याशी मराठीत बोलायला एकही नाही. नेण्याआधी आणि नेल्यावर महिन्याने तीन गोष्टी विचारा: सोबतीला कोणी नाही असं किती वेळा वाटतं? बाजूला टाकल्यासारखं? सगळ्यांपासून तुटल्यासारखं? 'क्वचित'ला 1, 'कधीकधी'ला 2, 'बऱ्याचदा'ला 3 गुण. बेरीज 6 किंवा जास्त आली तर एकटेपणा आहे असं धरा. सगळ्यांसमोर विचारू नका, 'बरं हाय की' एवढंच उत्तर मिळेल.

'गप्प बसतो म्हणजे डिप्रेशन.' नेमाने भजनाला जाणारा माणूस जायचा थांबला, तर आधी त्याचे कान तपासा. टाळ-मृदंगाच्या गजरात शेजारचा काय म्हणतो ते कळत नाही. दोनदा 'काय?' विचारून तो ओशाळतो, मग घरीच बसतो. कधी नुसता कानातला मळ असतो, तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या, घरी काडी घालू नका. मात्र जेवण, झोप आणि आवडीची कामं दोन आठवडे बिघडलेली असली तर कानावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट लागतो, तिथे मराठीतही बोलता येतं.