‘नाव टाका, गुन्हेगार ओळखा’ या संदेशाचा समाचार

‘सरकारने देशातील प्रत्येकाचे गुन्हे ऑनलाइन केले आहेत. फक्त नाव किंवा आधार क्रमांक टाका. भाडेकरू, ड्रायव्हर, होणारा जावई, कोणाचीही पोलिसांची आणि कोर्टाची कुंडली दोन मिनिटांत समोर येईल. नाव आले नाही तर माणूस स्वच्छ. नाव आले तर प्रिंट काढून सोसायटीच्या फलकावर लावा, तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. एफआयआर आणि आरोपपत्र आता सगळे जाहीर आहे.’

हा संदेश सोसायट्यांच्या, ज्ञातिमंडळांच्या आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्याखाली ई-कोर्ट्स या न्यायालयीन प्रकरणांच्या अधिकृत संकेतस्थळाची खरी लिंक असल्यामुळे वाचणाऱ्याला तो अधिकृत वाटतो. तो माझ्या मावशीपर्यंत पोहोचला नसता तर मी त्याकडे काणाडोळा केला असता. मावशीने आपल्या फ्लॅटसाठी ठरलेल्या भाडेकरूचे नाव त्या संकेतस्थळावर टाकले, ते जिल्हा न्यायालयाच्या यादीत सापडले, आणि तिने त्या मुलाची अनामत रक्कम परत करून त्याला नकार कळवला. ‘केस आहे रे त्याच्यावर, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली,’ असे तिने मला फोनवर सांगितले. तिने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये प्रकरणाच्या क्रमांकाआधी ‘एम.ए.सी.पी.’ ही अक्षरे होती, म्हणजे ते प्रकरण मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे होते. मुलगा त्यात अर्जदार होता आणि समोर विमा कंपनी होती. त्याचे वडील अपघातात गेले होते, हे त्याला विचारल्यावर कळले. तोवर त्याने दुसरीकडे जागा पाहिली होती.

तेव्हा सर्वांत आधी ‘नाव आले म्हणजे गुन्हेगार’ या वाक्याचाच समाचार घेतला पाहिजे, कारण संदेशातील सर्वांत मूर्खपणाचा आणि सर्वांत घातक भाग तोच आहे. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोध घेताना आधी राज्य, मग जिल्हा, मग न्यायालय-संकुल निवडावे लागते. त्यानंतर नावाची निदान तीन अक्षरे, वर्ष आणि प्रकरण प्रलंबित हवे की निकाली, हे सांगावे लागते. एवढे केल्यावर समोर येते ती त्या संकुलातील त्या नावाशी जुळणाऱ्या सर्व पक्षकारांची यादी. घटस्फोटाचा अर्ज केलेली स्त्री, वारस दाखला मागणारा मुलगा, भावकीच्या वाटणीतील सातवा प्रतिवादी, धनादेश वटला नाही म्हणून कलम १३८ खाली तक्रार करणारा व्यापारी आणि खुनाच्या खटल्यातील आरोपी, सगळे त्याच यादीत असतात. प्रकरण फौजदारी आहे की दिवाणी, हे क्रमांकाआधीच्या अक्षरांवरून ओळखता येते: ‘आर.सी.सी.’ म्हणजे नियमित फौजदारी खटला, ‘एस.सी.सी.’ म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, सत्र न्यायालयातले ते ‘सेशन्स केस’. पण ‘आर.सी.सी.’ दिसले म्हणजे आपला माणूस आरोपी ठरला, असेही नाही. खासगी फिर्यादीच्या प्रकरणात फिर्यादीचेही नाव पक्षकार म्हणूनच येते. ‘विरुद्ध’ या शब्दाच्या कोणत्या बाजूला नाव आहे, एवढे तरी पाहण्याची तसदी संदेश लिहिणाऱ्याने घेतलेली दिसत नाही.

आता समजा, नाव आरोपीच्या बाजूलाच आहे. तरीही ते आपल्याच माणसाचे आहे कशावरून? यादीत जन्मतारीख नसते, छायाचित्र नसते, आधार क्रमांक नसतो. एखाद्या मोठ्या तालुक्यात सचिन पाटील किंवा संतोष जाधव हे नाव किती जणांचे असेल, हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची वेळ यावी, हीच खरे तर शरमेची गोष्ट आहे. पुढे प्रकरणाचे पान उघडले, तर त्यावर दाखल झाल्याची तारीख, लागू असलेला कायदा व कलम, पोलिस ठाणे, गुन्हा रजिस्टर क्रमांक, पुढची तारीख आणि प्रकरणाचा टप्पा दिसतो. निकाली प्रकरणात ते कशा प्रकारे निकाली निघाले याचीही नोंद असते. माणूस निर्दोष सुटला असेल, तर ते याच पानावर कळते. संदेश मात्र यादीपाशीच थांबायला सांगतो. शिवाय उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला असेल, तर तो आदेश उच्च न्यायालयाच्या वेगळ्या शोधात पाहावा लागतो.

पोलिसांच्या बाजूलाही हाच प्रकार आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध झालेल्या प्रथम खबरा, म्हणजेच एफआयआर, पाहता येतात, हे खरे. तेथे जिल्हा, पोलिस ठाणे आणि तारखा यांच्या आधारे शोध घ्यावा लागतो. पण प्रथम खबर ही फिर्यादीने सांगितलेली हकिकत असते आणि पोलिसांचा तपास तिच्यानंतर सुरू होतो. तपासाअंती आरोपपत्र देण्याजोगे काही हाती लागले नाही, तर आपल्याकडे ‘अ’, ‘ब’ किंवा ‘क’ समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, न्यायालयात पाठवण्याची जुनी पद्धत आहे: गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही ती ‘अ’, फिर्याद खोटी व दुष्ट हेतूने दिलेली ती ‘ब’, गैरसमजुतीतून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची ती ‘क’. ज्याच्याविरुद्धची फिर्याद ‘ब’ समरीत खोटी ठरली, त्याचे नाव त्या पीडीएफमध्ये मात्र पहिल्या दिवशी छापले गेले तसेच राहते.

‘एफआयआर आणि आरोपपत्र आता सगळे जाहीर आहे’ या दाव्यात अर्धे सत्य आहे, आणि ते मनाविरुद्ध का होईना मान्य केले पाहिजे. ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेश दिला की, प्रथम खबर नोंदवल्यापासून २४ तासांत ती पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी; दुर्गम भागातील किंवा इंटरनेटच्या अडचणींमुळे ही मुदत ४८ तासांपर्यंत आणि फार तर ७२ तासांपर्यंत वाढवता येईल. पण हा निकाल शेवटपर्यंत वाचला, तर संदेशाचा उरलेला डोलारा त्याच्याच वजनाने कोसळतो. लैंगिक गुन्हे, बंडखोरी, दहशतवाद, मुलांवरील अत्याचाराचा पॉक्सो कायदा अशा संवेदनशील प्रकरणांतील खबरा त्यातून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत, आणि एखादी खबर न टाकण्याचा निर्णय उपअधीक्षक दर्जाच्या किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने घ्यायचा आहे. आणि हे सारे कशासाठी? तर आरोपीला किंवा त्या प्रकरणाशी संबंधित व्यक्तीला ती खबर संकेतस्थळावरून उतरवून घेऊन न्यायालयात दाद मागता यावी, यासाठी. आपल्यावर नेमका काय आळ आला आहे हे कळण्यासाठी माणसाला पोलिस ठाण्याचे उंबरे झिजवावे लागू नयेत, हा त्या आदेशामागचा विचार आहे. निकालाचा सारा रोख घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यावर आहे. आरोपीच्या बचावासाठी उघडलेले दार शेजाऱ्यांनी त्याची बदनामी करण्यासाठी वापरावे, असे त्या निकालात कोठेही लिहिलेले नाही.

आरोपपत्राबाबत तर दावा सरळ खोटा आहे. २० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच सौरव दास यांची याचिका फेटाळताना, आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही आणि ते सरसकट संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असे स्पष्ट केले.

आधार क्रमांकाबद्दल थोडक्यात: ई-कोर्ट्सवर किंवा नागरिक पोर्टलच्या प्रथम खबर शोधात दुसऱ्याचा आधार टाकून त्याचे गुन्हे काढण्याची सोय नाही. पोलिसांच्या आपसातील सीसीटीएनएस प्रणालीत देशभरातील ठाण्यांची माहिती जोडली जाते, पण ती यंत्रणा तपासासाठी आहे आणि नागरिकाला तिच्यात नाव टाकून शोध घेता येत नाही. एखादे पान आधार आणि त्यापाठोपाठ ओटीपी किंवा शंभर-दोनशे रुपये मागत असेल, तर तेथे दुसऱ्याचा गुन्हा सापडण्याऐवजी आपल्याच खात्यातील पैसे जाण्याची शक्यता अधिक आहे.

‘नाव आले नाही तर माणूस स्वच्छ’ हे वाक्य पहिल्याइतकेच पोकळ आहे, फक्त त्याने होणारे नुकसान उलट्या दिशेचे असते. आपण एका संकुलात शोधतो आणि माणूस चार जिल्ह्यांत राहून आलेला असतो. तपास चालू असून आरोपपत्र दाखल झालेले नसेल, तर पक्षकाराच्या यादीत त्याचे नाव येईलच असे नाही. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद प्रथम खबरींमध्ये नसते. रोमन लिपीत नावाचे एक अक्षर इकडचे तिकडे झाले, वडिलांचे नाव मध्ये आले, तरी शोध कोरडा जातो. अल्पवयात हातून काही घडले असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार निकाली प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा उघड करायची नसते, आणि ते योग्यच आहे.

राहिला सोसायटीच्या फलकाचा ‘कायदेशीर हक्क’. न्यायालय खुले असते, तेथे कोणीही जाऊन बसू शकतो, निकाल वाचू शकतो. त्यामुळे प्रकरणाची माहिती असणे हा गुन्हा नाही. परंतु नामसाधर्म्यावरून किंवा अर्धवट नोंदीवरून एखाद्याला फलकावर गुन्हेगार ठरवणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालील बदनामी होऊ शकते, आणि तिला दोन वर्षांपर्यंत साध्या कारावासाची तरतूद आहे. मजकूर खरा असला तरी तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हे फलक लावणाऱ्याला दाखवावे लागते; ‘व्हॉट्सॲपवर आले होते’ हा बचाव त्या कलमात नाही. त्या कागदावर बलात्कारपीडितेची ओळख पटेल असे काही असेल, तर कलम ७२ वेगळे लागते. हा सल्ला देणारा संदेश मात्र निनावी आहे. खटला झाला तर फलकाखाली सही करणाऱ्या सेक्रेटरीवर होणार.

मग खरोखर गरज असेल तेव्हा काय करावे? आपल्याच किंवा घरच्या माणसाच्या प्रकरणाचा माग काढायचा असेल, तर नावाच्या फंदात पडू नये. प्रत्येक प्रकरणाला अंक आणि अक्षरे मिळून १६ चिन्हांचा सीएनआर क्रमांक असतो, तो वकिलाकडून किंवा न्यायालयाच्या कागदावरून घ्यावा. तो टाकला की नेमके तेच प्रकरण उघडते. तो हाताशी नसेल, तर पोलिस ठाणे, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष या तिन्हींवरून शोध घेता येतो. फिर्यादीला प्रथम खबरेची प्रत मोफत मिळालीच पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेले आहे, आणि ठाण्यात टाळाटाळ झाली तर हे कलम बोलून दाखवावे. अटक झालेल्यांची नावे आणि त्यांच्यावरील गुन्ह्याचे स्वरूप पोलिस ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात लावण्याची जबाबदारी त्याच संहितेच्या कलम ३७ ने पोलिसांवर टाकली आहे. निकालाचा अधिकृत कागद हवा असेल, तर त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा. तिऱ्हाईतालाही कारण सांगून आणि शुल्क भरून नियमांप्रमाणे नक्कल मागता येते. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करण्यात अर्थ नाही, कारण न्यायालयाच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्याव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सांगितलेले आहे.

भाडेकरूच्या बाबतीत घरमालकाचे काम एवढेच आहे की, त्याची माहिती पोलिसांकडे रीतसर नोंदवावी. आयुक्तालयांच्या हद्दीत तसे आदेशही वेळोवेळी निघतात. त्याउपर खात्री हवी असेल, तर त्यालाच चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणायला सांगावे. त्यासाठी तो स्वतः अर्ज करतो, स्वतःची कागदपत्रे देतो, आणि पोलिस त्यावरून त्याच्याच नोंदी तपासतात, त्याच्या नावाच्या दुसऱ्या कोणाच्या नाही.

आणि ज्यांना दुसऱ्याचे नाव टाकून त्याच्यावरील गुन्हे वाचण्याची हौसच आहे, त्यांच्यासाठी कायद्याने एक सोय खरोखर करून ठेवलेली आहे. लोकसभा आणि विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला प्रपत्र २६ मध्ये आपल्यावरील प्रलंबित गुन्हे आणि झालेल्या शिक्षा शपथेवर लिहून द्याव्या लागतात, आणि ती शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. मावशीच्या गटातील एकानेही आपल्या मतदारसंघातील शपथपत्र अजून उघडलेले नाही.