टाकीचे घाव आणि बालपणीचा ताण : एका प्रतिक्रियेला उत्तर

बालपणातील ताणाचा मुलांच्या वाढीवर आणि पुढच्या आरोग्यावर होणारा परिणाम या विषयावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : मोठ्या माणसांच्या आठवणींवर उभारलेली पाहणी मी पक्के विज्ञान म्हणून मांडली, ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ या अनुभवसिद्ध म्हणीकडे दुर्लक्ष केले, आपण स्वतः लहानपणी मार खाल्लात, हलाखी सोसलीत आणि तरीही धडधाकट आहात, आणि अशा लेखनामुळे आधीच दमलेल्या आईबापांच्या, त्यातही आईच्या, माथी नवा अपराधभाव मारला जातो. शेवटी आपण विचारले आहे की, ज्यांची मुले आता मोठी झाली आहेत त्यांनी हे सगळे वाचून करायचे तरी काय. आपला पहिला आक्षेप मला बहुतांशी मान्य आहे, दुसरा निम्मा मान्य आहे, आणि बाकीच्यांबद्दल मला काही सांगायचे आहे.

आठवणींचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे चूक माझी आहे. विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी सहकाऱ्यांसह १९९८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अमेरिकेतील सॅन डिएगो येथील ९,५०८ प्रौढांनी भरून दिलेल्या प्रश्नावलींवर आधारलेला होता. शारीरिक, मानसिक व लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण आणि घरातील व्यसन, मनोविकार किंवा तुरुंगवास असे सात प्रकार त्यांनी धरले होते. त्यांपैकी चार किंवा अधिक प्रकार अनुभवलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, एकही प्रकार न अनुभवलेल्यांच्या तुलनेत, ४ ते १२ पट दिसला. हे आकडे मी लेखात दिले. मात्र ते पन्नाशी-साठीच्या माणसांनी मागे वळून सांगितलेल्या गोष्टींवर बेतलेले आहेत, हे ठळकपणे सांगितले नाही. ही त्रुटी किरकोळ नाही. बालपणी त्या त्या वेळी झालेल्या नोंदी आणि त्याच व्यक्तींनी मोठेपणी सांगितलेल्या आठवणी यांची तुलना करणाऱ्या १६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की ज्यांच्या बालपणातील छळाची नोंद होती, त्यांतील निम्म्याहून अधिक जणांनी मोठेपणी तो सांगितला नाही. आणि ज्यांनी मोठेपणी सांगितला, त्यांतीलही निम्म्याहून अधिक जणांच्या बाबतीत तशी जुनी नोंद नव्हती. म्हणजे या दोन मार्गांनी आपल्या हाती बऱ्याच अंशी वेगवेगळी माणसे येतात.

याहून मोठी चूक म्हणजे मी लेखाच्या शेवटी दिलेली, बालपणीच्या अशा अनुभवांविषयीच्या दहा प्रश्नांची चाचणी आणि ‘चार किंवा अधिक उत्तरे होय आली तर सावध व्हा’ हे वाक्य. मोठ्या समूहात धोका किती वाढतो हे सांगणारा आकडा एका माणसाच्या कपाळी भविष्य म्हणून लावता येत नाही. मूळ अभ्यासाच्या दोन प्रमुख कर्त्यांपैकी एक असलेल्या अँडा यांनीच २०२० साली सहकाऱ्यांसह लेख लिहून, अशा ‘होय’ उत्तरांची बेरीज करून येणारा गुणांक एकेकट्या व्यक्तीला चाळणी लावण्यासाठी वापरू नये, असा इशारा दिला आहे. त्याचे कारणही साधे आहे. एकदा घडलेली घटना आणि दहा वर्षे रोज घडणारी घटना, तिसऱ्या वर्षी घडलेली आणि पंधराव्या वर्षी घडलेली, पाठीशी कोणी असताना सोसलेली आणि एकट्याने सोसलेली, या सर्वांना त्या गणतीत सारखाच एक गुण मिळतो. ती चाचणी आणि ते वाक्य मी मूळ लेखातून काढून टाकले आहे, आणि ते का काढले याची नोंद तिथे ठेवली आहे.

मात्र आठवणींचा आधार कच्चा आहे म्हणून सगळी इमारतच कोसळते, हा आपला निष्कर्ष मला पटत नाही. कारण तो खांब काढला तरी इमारतीला पेलणारे दुसरे खांब आहेत. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा लहानपणापासून पाठपुरावा सुरू आहे. तिथे आईकडून होणारी झिडकारणी, कठोर शिक्षा, सांभाळणारी माणसे वारंवार बदलणे यांची बरीचशी माहिती मुले लहान असतानाच टिपली गेली होती. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे रक्त तपासले, तेव्हा निश्चितपणे हेळसांड वा छळ झालेल्यांमध्ये शरीरातील दाह दाखवणारे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन धोकादायक पातळीला असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे १.८ पट आढळली. बत्तीस वर्षांच्या माणसाने काय आठवून सांगितले यापेक्षा त्याच्या रक्तात काय सापडले, हा पुरावा वेगळ्या जातीचा आहे.

‘पण असल्या घरांत अनुवंशही तसाच असणार,’ हे आपण कंसात लिहिले आहे, आणि ते रास्त आहे. केवळ निरीक्षणाने अनुवंश आणि परिस्थिती यांची गाठ पूर्णपणे सुटत नाही. ती सोडवायची तर मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून करावी लागेल, आणि असे कोण करील? रुमानियात मात्र परिस्थितीच अशी होती की ते करता आले. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९ साली कोसळली, तेव्हा तिथल्या अनाथालयांत हजारो मुले होती. त्यांना अन्न-वस्त्र मिळे, पण एकेका सेविकेकडे अनेक मुले असल्याने कोणाचेच असे कोणी नव्हते. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी या शतकाच्या सुरुवातीला बुखारेस्टमधील अशा १३६ लहानग्यांपैकी निम्म्यांना, कोणतीही निवड न करता, प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवले. (हे वाचून आपल्याला जे अस्वस्थ वाटेल ते मलाही वाटले, पण तिथे त्या वेळी अशी कुटुंबव्यवस्था जवळपास नव्हतीच, संशोधकांनी ती निम्म्या मुलांसाठी उभी केली, आणि उरलेल्यांपैकी कोणाला घर मिळाल्यास आडकाठी ठेवली नाही.) साडेतीन वर्षांच्या वयात अनाथालयाच्या गटातील मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७७ च्या आसपास होता आणि कुटुंबांत गेलेल्यांचा ८६ च्या आसपास, दोन वर्षांची होण्याआधी गेलेल्यांना अधिक लाभ झाला. मुले बारा वर्षांची झाल्यावर त्यांच्यासमोर ताणाचे छोटे प्रसंग उभे केले, तेव्हा अनाथालयात वाढलेल्यांच्या शरीराने अगदी मंद प्रतिसाद दिला, तर लहान वयात कुटुंब मिळालेल्यांचा प्रतिसाद नेहमीच्या मुलांच्या जवळपास होता. वाटणी चिठ्ठीने झाली असल्यामुळे हा फरक अनुवंशाच्या माथी मारता येत नाही.

या ‘मंद प्रतिसादा’चा अर्थ ती मुले शांत आणि खंबीर होती असा कृपया घेऊ नये. धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला संदेश देतो, ती मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना देते, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. रक्तातील साखर वाढते, शरीर कामाला लागते. पुरेसे कॉर्टिसॉल मेंदूपर्यंत पोहोचले की मेंदूच हा कारखाना थांबवतो. ही ये-जा बिघडली की यंत्रणा एक तर विझतच नाही किंवा दीर्घकाळ ताणल्यानंतर पेटायचीच थांबते, आणि दोन्हींची किंमत झोप, रोगप्रतिकार, रक्तदाब आणि एकाग्रता यांना मोजावी लागते.

आता टाकीच्या घावांकडे येते. ज्या अर्थी ही म्हण टिकली आहे, त्या अर्थी तिच्यात काही तथ्य आहे, आणि प्रयोगशाळेतही त्याचा माग लागतो. सीमोर लेव्हिन यांनी १९५० च्या दशकात उंदरांची पिल्ले रोज काही मिनिटे आईपासून दूर उचलून नेली आणि परत ठेवली. त्रास दिलेली ही पिल्ले पुढे दुबळी होतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती मोठेपणी न हाताळलेल्या पिल्लांपेक्षा कमी बिथरणारी निघाली. आपल्या म्हणीला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण होते. परंतु १९९७ साली मायकेल मीनी यांच्या गटाने दाखवले की पिल्लू परत आले की आई त्याला अधिक चाटते, कुरवाळते. आणि ज्या आया मुळातच अशा होत्या, त्यांची पिल्लेही, कोणी हात न लावता, तशीच निवांत निघाली. शिवाय हीच ताटातूट रोज पंधरा मिनिटांऐवजी तीन तासांची केली की परिणाम बहुतेक वेळा उलटा दिसतो. उंदरांवरून माणसांविषयी किती बोलावे याला मर्यादा आहेत, हे मी जाणून आहे. आपल्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी : कॅरन पार्कर आणि सहकाऱ्यांनी लहान स्क्विरल माकडांना आठवड्यातून एकदा तासभर, असे दहा आठवडे, कळपापासून दूर ठेवले, तेव्हा ती पुढे कमी भित्री झाली, आणि तिथे आईचे वाढलेले लाड नव्हे, तर तो छोटा ताणच उपयोगी पडला, असे त्यांच्या पुढच्या प्रयोगातून दिसले. तेव्हा ताण मुळातच वाईट, असे जर माझ्या लेखातून ध्वनित झाले असेल, तर तेही मी मागे घेते. पण हा ताण तासाभराचा होता, आठवड्यातून एकदाच येत होता, आणि संपल्यावर माकडाचे पिल्लू आपल्या आईकडे परतत होते, हे विसरून चालणार नाही. ज्या घरात संध्याकाळी कोण कोणत्या अवस्थेत दार उघडून आत येईल याचा मुलाला रोज अंदाज घ्यावा लागतो, त्या घरात संपलेला ताण आणि परतण्याची जागा या दोन्ही गोष्टी नसतात. म्हणीतला मूर्तिकारही घाव मोजून घालतो.

‘आमचे काय बिघडले?’ या प्रश्नात आपल्या सोसण्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे, म्हणून त्याला आकडेवारीने उत्तर देणे मला जरा कोरडे वाटते; तरी एक अभ्यास सांगते. हवाई बेटांतील कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. त्यांतील ज्या मुलांवर गरिबी, घरातील कलह, आईबापांचे व्यसन वा मनोविकार अशी अनेक संकटे एकदम आली होती, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश समर्थ, माया करणारी, जबाबदार माणसे झाली. आपण त्या तिसऱ्या हिश्शातले आहात, याचा आनंदच आहे. पण त्या मुलांच्या आयुष्यात काय वेगळे होते हे वर्नर यांनी पाहिले, तेव्हा मुलाच्या लाघवी स्वभावासारख्या गोष्टींबरोबर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली : आजी, काका, शिक्षक, शेजारी, कोणी तरी एक मोठे माणूस, जे टिकून राहिले. आपण आपल्या प्रतिक्रियेत वडिलांच्या माराबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत आणि आजीबद्दल अर्धी. मला ती अर्धी ओळ अधिक महत्त्वाची वाटते.

राहिला आईच्या माथी येणारा दोष. या आक्षेपाने मी सर्वाधिक अस्वस्थ झाले, कारण या विषयावरचे बरेच लोकप्रिय लेखन खरोखरच तसे आहे, आणि मीही ‘आईचा ताण’ हा शब्द लेखात बापाच्या ताणाहून कितीतरी अधिक वेळा वापरला होता. पण पुरावा उलट दिशेला बोट दाखवतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम भागात जेन कॉस्टेलो १९९३ पासून मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करीत होत्या, तेव्हा मधल्याच काळात तिथल्या चेरोकी या आदिवासी जमातीच्या भूमीवर जुगारगृह सुरू झाले आणि त्याच्या नफ्यातील वाटा जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला मिळू लागला. त्यामुळे जी कुटुंबे दारिद्र्यातून वर आली, त्यांच्या मुलांतील आक्रमक आणि नियम मोडणारे वर्तन चार वर्षांत कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर उतरले. चिंता आणि नैराश्य मात्र तसे उतरले नाही, हेही सांगितले पाहिजे. या सुधारणेमागे काय असावे हे तपासल्यावर मुख्यतः एकच गोष्ट हाती आली : आईबापांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळू लागला होता. कोणीही त्यांना चांगले पालक कसे व्हावे याचे धडे दिले नव्हते.

आणि ज्यांची मुले आता मोठी झाली आहेत, त्यांचे काय? बुखारेस्टच्या अभ्यासावरून काही क्षमतांसाठी पहिली दोन वर्षे फार मोलाची आहेत हे दिसते, आणि ते मी सौम्य करून सांगणार नाही. पण त्या मुलांना जे मिळाले नाही ते टोकाचे होते. सामान्य घरातील चुकांना तो गज लावता येत नाही. कवाईतील ज्या मुलांना किशोरवयात गंभीर अडचणी आल्या होत्या, शाळा सुटली होती, पोलिसांपर्यंत प्रकरण गेले होते, त्यांच्यापैकी बहुतेक जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरलेले वर्नर यांना आढळले. कोणी मोठेपणी पुन्हा शिकायला गेले होते, कोणी सैन्यात भरती झाले होते, कोणाला स्थिर स्वभावाचा जोडीदार मिळाला होता.