क्राउन बदलून घाट सोपा होत नाही

गेले काही महिने कोकणातल्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर एक निरोप फिरतो आहे. थोडक्यात तो असा: "घाटात गाडी दमते? इंजिनला हात लावू नका. डिफ्रेन्शियलमधली ५.८६ ची क्राउन-पिनियन काढा, ६.८३ ची टाका. ताकद वाढेल, डिझेल वाचेल, उतारावर ब्रेकची गरजच पडणार नाही. रोजच्या धावण्यात काही फरक नाही. मोठे ट्रेलर असेच ओढतात. काम एका दिवसाचं."

चिपळूण, लोटे, हातखंबा, साखरपा, जिथे गेलो तिथे कोणी ना कोणी हा निरोप मला दाखवला. माझ्या मेहुण्याने तर तो वाचून दहाचाकीवर पैसे घातले आणि नंतर मला सांगितलं. ट्रकची हाउसिंग, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधली डिफ्रेन्शियलची पेटी, उघडण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. म्हणून यातला एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

आधी हा आकडा काय आहे ते. डिफ्रेन्शियलमध्ये पिनियन हे छोटं दातचक्र क्राउन या मोठ्या दातचक्राला फिरवतं. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, तो हा आकडा. क्राउन ४१ दातांची आणि पिनियन ७ दातांचा असेल तर ५.८६. पिनियन ६ दातांचा झाला की ६.८३. प्रोपेलर शाफ्टने, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलला येणाऱ्या दांड्याने, तितके वेढे घेतले की चाकाचा एक वेढा होतो. बस, एवढंच. या आकड्यात ताकद नसते, ताकद इंजिनमध्ये असते.

"ताकद वाढेल" हा पहिला दावा. त्याच गिअरमध्ये चाकाशी ओढ वाढते, साधारण १७ टक्के, हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण त्याच गिअरमध्ये वेग तेवढ्याच प्रमाणात कमी होतो, ही अर्धी गोष्ट निरोपात नाही. कुंभार्लीच्या चढावर २८ टनांची गाडी किती वेगाने चढेल हे हॉर्सपॉवर ठरवतो. हिशेब करून बघा. शंभर मीटरला सहा मीटरचा चढ धरा. २८ टनांचे सहा टक्के म्हणजे १,६८० किलो, शिवाय टायर फिरवायला आणखी २८० च्या आसपास. दोन टनांना जरा कमी एवढी ओढ सतत लागते. इंजिन १८० हॉर्सपॉवरचं, त्यातले पंधरा टक्के गिअरबॉक्स आणि हाउसिंगमध्ये गेले, तर ही ओढ देऊन गाडी ताशी २१ किलोमीटरच्या आसपास चढेल. क्राउन ५.८६ ची असो वा ६.८३ ची, उत्तर तेच २१. फरक एवढाच की एकीला तिथे गिअरबॉक्समध्ये ३.६ चा गिअर (इंजिनच्या ३.६ वेढ्यांना शाफ्टचा एक) हवा, दुसरीला ३.१ चा. तुमच्या गिअरबॉक्समध्ये यातला जो आकडा जवळ असेल ती गाडी त्या चढावर जरा बरी वाटेल. पुढच्या चढावर उलटं होईल.

मग वळणावर थांबलेली गाडी उचलायची असेल तर? तिथे पहिला गिअर आहे की. पहिला गिअर ९ चा आणि इंजिनची फिरवायची ओढ (टॉर्क) ६०० न्यूटन-मीटर धरली तर ५.८६ वरसुद्धा चाकाशी पाच टनांहून जास्त ओढ मिळते. बारा टक्क्यांच्या कडक चढावर याच २८ टनांना साडेतीन-पावणेचार टन पुरतात. आणि ओढ वाढवली तरी ती रस्त्याला लागली पाहिजे. दहाचाकीत मागच्या दोन अ‍ॅक्सलपैकी ओढणारा एकच असेल तर त्याच्यावर दहा टनांच्या आसपास भार येतो. कोरड्या डांबरावर त्यातून सहा टन ओढ रस्त्याला लागते, जुलैच्या पावसात आंबा घाटात चारच्या घरात, आणि चिरेखाणीच्या लाल चिखलात दोनसुद्धा मुश्किलीने. तिथे ६.८३ काय करणार? चाक जास्त जोरात जागच्या जागी फिरवणार.

आता डिझेल. हा दावा मला सगळ्यात जास्त लागला, कारण मेहुण्याला तो खरा वाटला होता आणि त्याच्याकडे आकडे होते.

१०.०० बाय २० चा टायर एका वेढ्यात साधारण ३.२ मीटर जातो. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, चाकाचे ३१२ वेढे. टॉप गिअर सरळ, म्हणजे एकास एक असेल, तर ५.८६ वर इंजिन १,८३० आरपीएमवर (मिनिटाला तितके वेढे) फिरतं, ६.८३ वर २,१३० वर. हे जादा तीनशे वेढे फुकट नसतात. पिस्टन, बेअरिंग, पंप, पंखा सगळं तेवढं जास्त घासतं, आणि ते डिझेलमधूनच वजा होतं. आजच्या इंजिनांची चांगली ओढ हजार-बाराशेपासून सोळाशे-सतराशेपर्यंत असते, हिरवा पट्टा तिथेच रंगवलेला असतो. त्या पट्ट्याच्या एवढ्या बाहेर गाडी दिवसभर चालवायची आणि डिझेल वाचेल म्हणायचं, हे जमणारं नाही. मुंबई-गोवा रस्ता आता बऱ्याच पट्ट्यांत चौपदरी आहे, कशेडीला बोगदा झाला आहे. चिपळूणहून पनवेलला जाणाऱ्या गाडीचे घाटातले किलोमीटर किती आणि सपाटीचे किती, हे ज्याचं त्याने मोजावं.

मेहुणा म्हणाला, "भावजी, पण माझं अ‍ॅव्हरेज वाढलंय. आधी चार पडायचं, आता सव्वाचारच्या वर पडतंय." वही काढून दाखवली. वही खोटी नव्हती. मी त्याला विचारलं, कराडची एक खेप जाऊन-येऊन मीटरवर किती पडते? आधी दोनशेच्या आसपास पडायची, त्याने पानं उलटून पाहिलं, आता दोनशे तीसच्या वर पडत होती. कराड काही लांब गेलेलं नाही.

झालं होतं ते असं. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाशी असतो. तो चाकाचे वेढे मोजत नाही, शाफ्टचे मोजतो आणि आतल्या आकड्याने भागतो. क्राउन बदलली, पण गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, ५.८६ तसाच राहिला. त्यामुळे मीटर प्रत्येक शंभर किलोमीटरला ११७ दाखवू लागलं. पंपावरचं डिझेल खरं आणि किलोमीटर फुगलेले. खरं अ‍ॅव्हरेज चारवरून ३.७ वर आलं होतं आणि वहीत ते ४.३ दिसत होतं. निरोप लिहिणाऱ्यालाही हेच दिसलं असावं. त्याने लबाडी केली असं मी म्हणत नाही, पण त्याच्या मीटरवर विसंबून तुम्ही पैसे घालू नका.

"रोजच्या धावण्यात फरक नाही" याचं उत्तर यातच आलं. वेगाचा काटाही तसाच खोटा बोलतो. मालवाहू गाडीला ताशी ८० ला स्पीड लिमिटर असतो. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी खरी ६८-६९ वर असेल आणि लिमिटर तिथेच अडवेल. ईसीयूत आकडा दुरुस्त करून घेतला तरी २,५०० आरपीएमच्या इंजिनला ६.८३ वर सत्तरच्या पुढे जाताच येत नाही. तेच ५.८६ वर ८०-८२ मिळतात. मूळ जोडी बसवणाऱ्याने हा हिशेब करूनच बसवली होती.

उतारावर ब्रेकची गरज नाही, हा दावा मला नुसता चुकीचा नाही, जिवावरचा वाटतो. इंजिनचा वेग जास्त असला की इंजिन ब्रेक आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनला आवरणारा) जास्त धरतो, हे खरं. पण तो वेग एक गिअर खाली घेऊनही मिळतो, त्यासाठी हाउसिंग उघडावी लागत नाही. आणि धोका इथे आहे: ड्रायव्हरचा हात-पाय सवयीने चालतो. करूळ घाटात तिसऱ्यावर इतक्या वेगाने उतरायचं हे त्याच्या अंगात बसलेलं असतं. क्राउन बदलल्यावर त्याच गिअरला, त्याच वेगाला इंजिन १७ टक्के जास्त फिरतं. आधी २,२०० वर असेल तर आता २,५७० वर, काटा लाल पट्ट्यात. चढावर इंजिनचा वेग आवरणारा गव्हर्नर डिझेल तोडून इंजिनला वाचवतो. उतारावर चाकंच इंजिनला फिरवतात, तिथे डिझेल तोडून काही होत नाही. वॉल्व्ह पिस्टनला भिडले की इंजिन गेलं, आणि इंजिनबरोबर गाडी धरून ठेवणारी शेवटची गोष्टही गेली. मग राहतात फक्त ब्रेक. ब्रेकचे लायनर तापून गुळगुळीत झाले की पायाखाली पेडल असतं, पण गाडी थांबत नाही. घाट उतरताना ब्रेक लागणारच. गाडी ज्या गिअरमध्ये त्या चढावर चढते त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरवायची, मधेमधे ठाम ब्रेक देऊन सोडायचा, सतत पाय ठेवून घासत यायचं नाही. आणि न्यूट्रलवर सोडणारे अजून आहेत, त्यांना हात जोडून सांगतो: आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय काढला की डिझेल पूर्ण बंद होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतंच. जीव धोक्यात घालून तुम्ही डिझेल वाचवत नाही, जाळता.

मोठ्या ट्रेलरचं उदाहरण उलटं आहे. उरणहून कंटेनर ओढणाऱ्या ताकदवान ट्रॅक्टरांचा (ट्रेलरच्या पुढच्या इंजिनगाड्यांचा) अ‍ॅक्सल रेशो, म्हणजे क्राउन-पिनियनचा तोच आकडा, बऱ्याचदा साध्या दहाचाकीपेक्षा कमी असतो, कारण इंजिन मोठं आणि गिअर जास्त. चढाचं काम गिअरबॉक्स करतो, सपाटीचं अ‍ॅक्सल.

"एका दिवसाचं काम" म्हणणाऱ्याने काम नीट केलेलं नसावं. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, एक जुनं एक नवं चालत नाही. पिनियनचं बेअरिंग किती आवळायचं, दातांमधली मोकळीक किती ठेवायची, रंग लावून ठसा दाताच्या मधोमध पडतो की टोकाला, हे बघत शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढ-घाल करावी लागते. मेहुण्याच्या गाडीचं काम महामार्गावरच्या एका गॅरेजने केलं होतं. मी ड्रेन प्लग काढला तेव्हा त्याच्या चुंबकावर बारीक लोखंडी केस चिकटले होते आणि ऑइल बोटांवर घेतल्यावर चमचमत होतं. ठसा दाताच्या बाहेरच्या टोकाला होता. आणखी चार-सहा महिन्यांत दात तुटले असते, तेही बहुधा घाटात. मागचे दोन्ही अ‍ॅक्सल ओढणारी गाडी असेल तर दोन्ही हाउसिंगमध्ये रेशो तोच लागतो. एकच बदलला तर दोन्ही एकमेकांशी भांडून शाफ्टचे क्रॉस (सांधे) खातात.

६.८३ किंवा त्याहून जास्त रेशोची गाडी वाईट असते असं मी म्हणत नाही. चिरेखाण ते डांबरी रस्ता, जेटी ते यार्ड, चाळीसच्या वर कधी न जाणारा टिपर, याला मोठा रेशोच हवा. तिथे क्लच वाचतो. पण ती गाडी घेतानाच तशी घ्यावी.

तुमचा रेशो किती आहे ते आधी स्वतः मोजा. सहाचाकी असेल तर पुढच्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून ठोकळा) लावा, मागची एक बाजू जॅकवर घ्या, गिअर न्यूट्रल. शाफ्टवर आणि चाकावर खडूने रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन वेढे फिरवा, कारण दुसरं चाक जमिनीवर स्थिर आहे आणि डिफ्रेन्शियल दोघांची सरासरी घेतं. तेवढ्यात शाफ्टचे जितके वेढे झाले तो तुमचा रेशो. मग एक खेप आरपीएमचा काटा बघत करा. रोजच्या वेगाला टॉपमध्ये काटा हिरव्या पट्ट्यात असेल तर रेशोला हात लावू नका.

मेहुण्याची गाडी मुळात दमत का होती, हे कोणी पाहिलंच नव्हतं. मी एअर फिल्टर काढून पायरीवर उभा केला, तर त्याच्या घड्यांतून चिरेखाणीची लाल धूळ ओंजळभर पडली. इंजिनमध्ये जादा हवा ढकलणाऱ्या टर्बोच्या पाइपला क्लिपखाली चीर होती, लोडवर तिथून हवा शिट्टी मारत जात होती. जुनी जोडी त्याने ग्रीस लावून गोणपाटात ठेवली होती, तीच परत बसवली, ठसा बघून, दोन दिवस लावून. नवा फिल्टर आणि नवा पाइप टाकला. पुढच्या खेपेला चिरा भरून कुंभार्ली चढताना तो ज्या वळणावर दुसरा टाकायचा तिथे गाडी तिसऱ्यावरच निघाली. त्याने वरून फोन करून सांगितलं.